अंगणापलीकडे बिनतारी

आमच्या घरामागें, आंब्याच्या बागेच्या टोकाला, एक मांगर आहे. कोंकणांत मांगर म्हणजे अवजारें, पेंढा, आंब्याच्या पेट्या ठेवावयाची घरापासून सुटी असलेली इमारत. आमच्या मांगरांतील दोन खोल्या आम्हीं नीट करून घेतल्या असून पुतण्याची मुलगी तेथें बारावीच्या अभ्यासाला बसते. घरांत माणसांचा राबता फार, मांगरांत शांतता. उणें एकच होतें. घरांतील वायफाय तेथवर पोंचत नसे, आणि बाग खोलगटांत असल्यामुळें मोबाइलच्या मनोऱ्याची लहरहि लागत नसे. शिक्षकांनीं पाठविलेला धडा उतरवून घ्यावयाचा म्हणजे ती रात्रीं फोन हातांत धरून अंधारांत घराच्या दिशेनें चालूं लागे, आणि दोन रेघा उमटल्या कीं कलमाखालीं उभी राही. आमच्याकडे फुरशांचा सुळसुळाट आहे. एका रात्रीं तिच्या पायापासून हातभर अंतरावर फुरसें निघालें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं हा प्रश्न हातीं घेतला.

तार कां ओढली नाहीं, असें आपण विचाराल. पूर्वीं ओढली होती. वळिवाच्या पहिल्याच गडगडाटांत तिच्या दोन्ही टोकांच्या पेट्या जळाल्या. वीज तारेवर पडली नव्हती, जवळपास कोठें तरी पडली होती. दोन इमारतींमध्यें तांब्याची लांब तार टांगली म्हणजे जवळ पडलेल्या विजेमुळेंहि तिच्यांत झटका उत्पन्न होतो. शिवाय त्या क्षणीं दोन ठिकाणच्या जमिनीच्या विद्युद्दाबांत जो फरक पडतो, तोहि त्याच तारेनें भरून निघूं पाहतो. कांचतंतूची तार असती तर ही भीति नव्हती, कारण कांच वीज वाहून नेत नाहीं. परंतु जांभ्या दगडांत चर खणण्याचें काम ज्यानें पाहिलें आहे तो मला दोष देणार नाहीं. घरगुती विजेच्या तारांतूनच संदेश पाठविणाऱ्या पेट्या मिळतात खऱ्या. पण आमच्या मांगराचा मीटर निराळा, म्हणून तीहि वाट बंद.

आतां घरांतील लहर मांगरांत कां पोंचत नव्हती तें पाहूं. राउटर लहरी सर्व दिशांस उधळतो. अंतर दुप्पट झालें कीं शक्ति चौथाई उरते. आमचें अंतर चाळीस मीटर. तें कांहीं फार नव्हे. खरा अडसर भिंतींचा. जगदीशचंद्र बोसांनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलांत भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजविली होती. तेव्हां लहर भिंतींतून जातच नाहीं असें नव्हे. पण जांभ्याची दीड फुटी भिंत, तीहि पावसाचें पाणी प्यालेली, आणि अशा दोन! त्यांतून पलीकडे जाणारा अंश फारच थोडा. पत्र्याचें छप्पर किंवा तारेची जाळी असेल तर विचारूंच नका.

प्रथम मीं पुष्कळ जण करतात तीच चूक केली. एक रिपीटर आणला, म्हणजे आलेली लहर पुन्हा उच्चारणारी पेटी, आणि तो मांगरांतच लावला. फोनवर रेघा भरगच्च दिसूं लागल्या, पण धडा कांहीं उतरेना. ज्याला स्वतःलाच नीट ऐकूं येत नाहीं त्यानें दुसऱ्यास काय सांगावें? शिवाय एकाच लहरीवर आधीं ऐकावयाचें व मग बोलावयाचें म्हटल्यावर वेग निम्म्यावर येतो तो निराळाच. रिपीटर शोभतो तो अर्ध्या वाटेवर. आणि आमच्या अर्ध्या वाटेवर कलमें होतीं, वीज नव्हती.

अखेर ज्या उपायानें काम झालें तो असा. एकमेकांकडे तोंड करून बसविलेल्या दोन पेट्या घेतल्या. ह्या लहरी चोहोंकडे न उधळतां विजेरीच्या झोताप्रमाणें एकाच दिशेला पाठवितात. एक घराच्या मागील भिंतीला बाहेरून, दुसरी मांगराच्या भिंतीला बाहेरून. दोन्ही वळचणीखालीं, छपरापेक्षां उंच नव्हेत. त्यामुळें झोताला एकहि भिंत ओलांडावी लागत नाहीं. प्रत्येक पेटीपासून एक आंखूड तार भिंतीच्या भोंकांतून आंत येते, आणि तीच तार पेटीला वीजहि पुरविते. मांगराच्या आंत ह्या तारेला जुना राउटर जोडला. त्याला एक गोष्ट मात्र बजावून सांगावी लागली: उपकरणांस पत्ते वाटण्याचें काम त्यानें करूं नये, तें घरांतील राउटरकडेच राहूं द्यावें. दोघेहि पत्ते वाटूं लागले कीं घोटाळा होतो. त्यांत माझे दोन दिवस गेले.

पेट्या बसवितांना ध्यानांत ठेवावें कीं लहर ही ताणलेली दोरी नव्हे. ती मधोमध फुगलेल्या, काकडीसारख्या लांबट जागेंतून जाते. पांच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत लहरीची लांबी पांच-सहा सेंटिमीटर. चाळीस मीटरांच्या अंतरावर ह्या काकडीची त्रिज्या मध्यभागीं सुमारें सत्तर सेंटिमीटर भरते. तेवढी जागा मोकळी हवी. समोरची पेटी डोळ्यांना दिसली एवढें पुरत नाहीं. पावसाच्या सरींचा इतक्या अंतरावर त्रास नाहीं. त्रास होतो तो ओल्या पानांचा.

पेटीचें तोंड किंचित् इकडेतिकडे वळवून पडद्यावरील शक्तीचा आंकडा पाहावा. हा आंकडा उणे चिन्हाचा असतो. माझे जुने विद्यार्थी येथें हटकून फसले असते, कारण उणे ऐंशींहून उणे साठ मोठा, आणि ह्या वीसांच्या फरकाचा अर्थ शंभरपट शक्ति. पूर्वीं मांगरांत उणे अठ्ठ्याऐंशी दिसे. आतां मांगराच्या पेटीवर उणे बावन्न दिसतो.

माझ्या लहानपणीं नुसतें गाणें ऐकणाऱ्या रेडिओलाहि पोस्टांतून परवाना काढावा लागे. ह्या पेट्या तर स्वतः लहरी सोडतात. तरी २०१८ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनीं ह्या पट्ट्यांतील उपकरणांस, शक्तीची मर्यादा पाळल्यास, घराबाहेरहि परवान्याची गरज ठेवलेली नाहीं. मात्र ढग गडगडूं लागले कीं दोन्हीकडचे प्लग काढावे, हा नियम मीं माझ्यापुरता केला आहे. बाहेरच्या आंखूड तारेलाहि वीज अगदींच परकी नाहीं.

मुलगी आतां रात्रीं मांगराचें दार लावून बसते. वाटेंत एका कलमाची फांदी झोताच्या आड येऊं पाहते. ती मृगापूर्वीं छाटावी लागते, आणि त्या फांदीचे चार-दोन डझन आंबे आम्हीं सोडून दिले आहेत.