पंधरा सेकंदांचा भाई

(कॉलेजात शॉर्ट फिल्म करणाऱ्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडं आवरून घेतलंय.)



तुमच्या ग्रुपनं मला फोनवर विषय सांगितला, "सर, पोरांच्या गँगवर फिल्म करायची आहे, एकदम रिअल." मी लगेच हो म्हणालो. कारण या विषयावर एक चूक मी स्वतः करून बसलोय. आधी तीच सांगतो.

कॉलेजात असताना आम्ही अशीच एक फिल्म केली. बारा मिनिटांची. शेवटी पोरगं तुरुंगात जातंय, आई दारात बसून वाट बघतेय, असा धडा देणारा शेवट. भाईच्या रोलला आमच्याच गल्लीतला एक सतरा वर्षांचा पोरगा घेतला. अंगानं दणकट, बोलायला कमी. त्याची एंट्री स्लो मोशनमध्ये, कॅमेरा खालून, मागं हलगी. आम्ही जाम खूश.

पूर्ण फिल्म बघितली शे-दोनशे लोकांनी. पण ती एंट्री कुणीतरी कापली, त्यावर गाणं टाकलं आणि आठवड्याभरात ती निम्म्या गावाच्या स्टेटसला. पोराला लोक खरंच भाई म्हणायला लागले. त्यालाही ते आवडायला लागलं. मग एका रात्री पलीकडच्या पोरांनी त्याला अडवलं. "काय रे, लई मोठा झालास व्हय?" डोक्याला सात टाके पडले. त्याच्या आईनं मला एकच विचारलं, "तुम्ही शिकलेली पोरं, तुम्हाला कळालं नाही?" आमचा तो आईचा सीन त्या पोरांपैकी कुणी बघितलाच नव्हता.

म्हणून पहिला नियम. तुमच्या फिल्ममधले कुठलेही पंधरा सेकंद कापून बघा. शेवट नाही, सुरुवात नाही, फक्त तेवढाच तुकडा. तो तुकडा भाईची जाहिरात वाटतोय का? वाटत असला तर तो शॉट बदला. मारामारी दाखवू नका असं मी म्हणत नाही. मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्लो मोशन लावण्यापेक्षा मारामारीनंतरची दहा मिनिटं दाखवा. चप्पल कुठं पडली, हात कसा थरथरतोय, रक्ताचा शर्ट घरात कुठं लपवायचा. याचं रील करून कुणी स्टेटसला लावत नाही.

दुसरी गोष्ट, शब्द. तुम्ही "गँग" म्हणताय. त्या पोरांच्या तोंडात हा शब्द कधी ऐकलाय? ती म्हणतात "आपला ग्रुप", "आपली पोरं". भांडणाला म्हणतात "मॅटर". गँग हा शब्द पेपरवाल्यांचा. पुण्यात "कोयता गँग" हे नाव मथळ्यांतून सगळीकडं गेलं आणि काही पोरांना तो मोठेपणाच वाटला. तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुणीही "मी गँगमध्ये आहे" असं म्हणालं, तर तो डायलॉग खोटा आहे असं समजा.

आता पोरगं ग्रुपमध्ये जातं कसं? सिनेमात दाखवतात तसं कोण येऊन बंदूक देत नाही. आधी कुणीतरी गाडीवर मागं बसवतं. मावा देतं. वाढदिवसाला बॅनर लागतो, त्यावर खालच्या कोपऱ्यात आपला पासपोर्ट साइज फोटो असतो. घरात ज्याला कुणी विचारत नाही, त्याचं नाव चौकात झळकतं. मग एके दिवशी फोन येतो, "मॅटर झालाय, नुसता येऊन उभा राहा." नुसता उभा राहायचा हा पहिला दिवस हीच खरी गोष्ट आहे. प्रवीण तरडेंनी 'मुळशी पॅटर्न' (2018) मध्ये गुन्हेगारीची सुरुवात कुठं धरली? विकलेल्या जमिनीपाशी. तुम्हीही तुमच्या पोराची सुरुवात कुठून होतेय ते शोधा.

एक गोष्ट सुचवतो. आपल्याकडं पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं रोज दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, त्यामुळं भरती हा आपल्या घराघरातला विषय. तुमचा नायक असा धरा. सोळाशे मीटर पळायची तयारी करतोय, नुकताच अठरा पूर्ण झालाय. संध्याकाळी फोन येतो, "नुसता येऊन उभा राहा." तो जातो. त्यानं हात उचललेला नाही, पण तक्रारीत नाव येतं. आता भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ते नाव आडवं येणार. फिल्म एका रात्रीची करा. तो जायचं की नाही ठरवतोय, इथून सुरू करा. पहाटे सवयीनं बूट घालून दारात बसलाय, पण पळायला उठत नाही, इथं संपवा. तुरुंग नको, पोलीस स्टेशन नको. लोकेशन चार, माणसं पाच.

तिसरं, कायदा. आमच्या फिल्ममध्ये सतरा वर्षांचा पोरगा थेट तुरुंगात गेला होता. ते साफ चुकीचं होतं. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं, ठेवायचं झालं तर निरीक्षणगृहात. पण "अठराच्या आत काही होत नाही" हे जे मोठी पोरं बारक्यांना सांगतात, तेही खोटं. सोळा ते अठरा वयातल्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केला, तर मंडळ तपासणी करून त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायला प्रकरण पुढं पाठवू शकतं. ही थाप कोण मारतंय आणि त्यात कुणाचा फायदा, यावर एक अख्खा सीन होतो.

याच कायद्याचं कलम 74 तुमच्यासाठी आहे. गुन्ह्यात अडकलेल्या, पीडित किंवा साक्षीदार मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीच छापायचं, दाखवायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे गावातली घडलेली केस उचलून "सत्य घटनेवर आधारित" असं लिहू नका. तीन-चार गोष्टी मिसळा, गल्ली बदला, आडनाव बदला.

माहिती गोळा करताना पोरांना "तू काय केलंस?" असं विचारू नका. "त्या दिवशी जेवलास का? घरी काय सांगितलंस? गाडीचा हप्ता कोण भरतंय?" हे विचारा. रेकॉर्डिंग नको, वहीत लिहा, नाव लिहू नका. तालमीतले वस्ताद, चहाच्या टपरीवाले, कोर्टात तारखांना जाणारे वकील आणि मुख्य म्हणजे आया-बहिणी यांच्याशी बोला. आपल्या सिनेमात या पोरांच्या बहिणी कधी दिसतच नाहीत. भावाचा मॅटर झाला की क्लास पहिल्यांदा कुणाचा बंद होतो, हे तुमच्यातल्या मुलींना मी सांगायला नको.

चौथं, आपल्या गावापुरतं. दोन ग्रुप दाखवताना एक मराठी आणि एक कन्नड करण्याचा मोह होईल. टाळा. एक तर ते खरं नाही. एकाच ग्रुपमध्ये "कुठं जाऊलास रे" म्हणणारा असतो, "मगा" म्हणणारा असतो आणि दख्खनी बोलणाराही असतो. तिघंही तिन्ही भाषांत शिव्या देतात. आणि दुसरं, असं दाखवलं की फिल्म बाजूला राहते, वेगळंच भांडण सुरू होतं. भाषेसाठी आपल्याला बोलायचं असेल तर ते उजळ माथ्यानं, वेगळं बोलू. इथं पोरं घरात जशी बोलतात तशीच बोलू द्या. पुण्याची मराठी त्यांच्या तोंडात कोंबू नका. खाली सबटायटल मराठीत द्या, कन्नडमध्येही द्या.

पाचवं, कलाकार. मीरा नायरनी 'सलाम बॉम्बे' (1988) साठी रस्त्यावरच्या मुलांना घेऊन आधी वर्कशॉप केलं आणि नंतर त्या मुलांसाठी ट्रस्टही उभा केला. ब्राझीलच्या 'सिटी ऑफ गॉड' (2002) मध्येही वस्तीतल्या पोरांना तयार केलं, बरेच संवाद पोरांनीच प्रसंग देऊन रंगवले. तुम्हीही डायलॉग पाठ करून घेऊ नका, प्रसंग द्या. पण ज्याचा सध्या कुणाशी मॅटर चालू आहे, असा पोरगा घेऊ नका. अठराच्या आतला असेल तर आईवडिलांची लेखी परवानगी घ्या, आणि नुसती सही नको, घरी बसून अख्खी गोष्ट सांगा.

शूटिंगचं थोडक्यात. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. दहा पानांच्या वर लिहू नका. दिवसाला तीन पानं धरा, म्हणजे चार दिवस. खरी तलवार, खरा कोयता आणायचा नाही, पुठ्ठ्याचा किंवा रबराचा करा. रस्त्यावर शूट असेल तर पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा आणि आजूबाजूच्या घरांनाही सांगा. मिरवणुकीच्या गर्दीत मारामारीचा सीन घ्यायला जाऊ नका, कुणाला खरं वाटलं तर आवरता येणार नाही. फोनवर शूट करा, चालतंय. पैसे असतील तर ते माइकवर घाला. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, आवाज कळला नाही की उठून जातात.

आणि शेवटचं. फिल्म नेटवर टाकायच्या आधी पहिला शो ज्या गल्लीत शूट केलं तिथंच लावा. भिंतीला पांढरी चादर बांधा. ज्या पोरांनी काम केलं त्यांच्या आयांना पुढच्या रांगेत बसवा. त्यांनी "हे काढा" म्हटलं, तर तो शॉट काढा.

आमच्या त्या पोराचं आता बरं चाललंय, गॅरेज आहे त्याचं. मागच्या महिन्यात मी त्याला विचारलं, "परत फिल्म करशील का?" तो म्हणाला, "करतो की. पण या टायमाला मला पळताना दाखवा." तुमच्या फिल्मसाठी माणूस हवा असेल तर सांगा, मी त्याला घेऊन येतो.