काटा कधी चढतो?



१९७० सालच्या जून महिन्यात इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीनं ‘स्टॅग’ नावाची गाडी बाजारात आणली. चौघांना बसता येईल अशी, छत उघडणारी, जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसानं रूप दिलेली. पुढच्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ चित्रपटात जेम्स बॉण्ड ती चालवताना दिसला. एवढं सगळं जमून आलं. तरी आज जुन्या गाड्यांच्या शौकिनांसमोर स्टॅगचं नाव काढा, पहिला प्रश्न येतो, ‘तापते का हो?’

तापायची. आणि का तापायची हे समजून घेतलं, तर कुठलीही जुनी स्पोर्ट्स कार तापल्यावर शोध कुठून सुरू करायचा तेही कळतं. म्हणून आज तिच्या बोनेटखाली डोकावू या.

स्टॅगचं इंजिन २९९७ सीसीचं, व्ही-८. म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा, खाली जुळलेल्या आणि वर फाकलेल्या. यातल्या एका रांगेसारखं, चार सिलिंडरचं तिरपं इंजिन ट्रायम्फ स्वीडनच्या साब कंपनीला तिच्या ‘९९’ या गाडीसाठी पुरवत होती. तिथं त्याची एवढी बदनामी झाली नाही. दोन रांगा एकत्र आल्या आणि पाण्याच्या पंपाला जागा मिळाली ती दोन्ही रांगांच्या मधल्या खोबणीत, इंजिनाच्या जवळजवळ माथ्यावर. मेख इथंच आहे. बहुतेक इंजिनांत पंप खाली असतो, त्यामुळे थोडं पाणी कमी झालं तरी तो पाण्यात बुडालेलाच राहतो. स्टॅगमध्ये पाण्याची पातळी जराशी घसरली की पंपाच्या पात्यांना पाण्याऐवजी हवा लागते. पंप फिरत राहतो, पाणी फिरत नाही. बरं, हा पंप बेल्टवर चालत नाही, इंजिनाच्या आतल्या गिअरवर चालतो. त्यामुळे बेल्ट आवळून काही साधत नाही.

त्यात ब्लॉक बिडाचा आणि वरची हेडं ॲल्युमिनियमची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. दोघांच्या मध्ये दाबलेलं गॅस्केट हे रोजचं आकसणं-फुगणं सोसत असतं. एकदा जास्त तापलं की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. काही इंजिनांत ओतकामाच्या वेळची वाळू पाण्याच्या वाटांमध्ये तशीच राहून गेली होती, ती पुढे रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसायची. आणि मालक मंडळी कूलंटऐवजी नुसतं नळाचं पाणी भरायची, मग गंजाची भर. हा शेवटचा दोष कंपनीच्या माथी मारता येणार नाही. त्याच काळात, ट्रायम्फची मालक असलेल्या ब्रिटिश लेलँडच्याच घरात, रोव्हरचं साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ तयार होतं. ते स्टॅगला का दिलं नाही यावर शौकीन लोक अजून तावातावानं भांडतात. १९७७ मध्ये उत्पादन थांबलं, तोवर पंचवीस हजारांच्या वर स्टॅग तयार झाल्या होत्या.

आता निदान. गाडी तापली की आपल्याकडे पहिली सूचना येते ती रेडिएटर बदलण्याची. माझं सांगणं असं, की खिशात हात घालण्याआधी काट्यावरच थोडा संशय घ्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पुष्कळदा पेट्रोलचा काटा आणि तापमानाचा काटा या दोघांनाही एकाच छोट्या डबीतून वीज मिळते. तिचं नाव व्होल्टेज स्टॅबिलायझर. बॅटरीचे बारा व्होल्ट ती सरासरी दहावर आणते. या डबीची अर्थिंगची तार सुटली की दोन्ही काटे वर चढतात. तेव्हा तापमानाचा काटा लालकडे झुकलाय आणि पेट्रोलची टाकीही तुम्ही भरली त्यापेक्षा जास्त भरलेली दिसतेय, असं असेल तर इंजिन बिचारं निर्दोष आहे. खात्री करायला हल्ली पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. थर्मोस्टॅटच्या घराजवळ तो धरायचा. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र खरं आहे त्याहून कमी तापमान दाखवतं. तिथं काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा.

इंजिन खरंच तापतंय हे ठरलं की पुढचा प्रश्न विचारायचा : कधी? किती तापतं याच्याइतकंच, किंबहुना जरा जास्तच, कधी तापतं ते महत्त्वाचं.

सिग्नलला, गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागली की उतरतो, तर दोष वाऱ्याचा आहे. धावत्या गाडीला समोरून आपोआप वारा मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यानं ओढावा लागतो. तेव्हा पंखा बघा. व्हिस्कस कपलिंगचा पंखा असेल तर त्यातलं सिलिकॉन तेल वर्षांनुवर्षं झिरपून गेलेलं असतं. मग इंजिन गरम असतानाही पंखा ढिला फिरतो. विजेचा पंखा बसवला असेल तर तो वारा कुठल्या दिशेला फेकतोय ते कागदाचा कपटा धरून तपासा. उलट्या तारा जोडलेले पंखे वाटतात तितके दुर्मीळ नाहीत! पंख्याभोवतीचं आवरण कुणी अडचण म्हणून काढून टाकलं असेल, तर तेही परत बसवा.

याच्या उलट, गावात ठीक आणि हायवेवर ताशी शंभरला काटा चढतो, तर मामला वेगळा. वारा भरपूर आहे, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी पडतेय. आता रेडिएटरवर संशय घ्यायला हरकत नाही. गाडी गरम करा, इंजिन बंद करा आणि तोच थर्मामीटर रेडिएटरच्या जाळीवरून सावकाश फिरवा. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या तुंबल्या आहेत. मग खालचा होज पाइप बघा. पंप त्यातून पाणी खेचत असतो. रबर जुनं झालं, आतली स्प्रिंग गंजून गेली, की जास्त आरपीएमला तो पाइप चपटा होतो आणि वाट बंद. गाडी थांबवून बघायला जावं तर पाइप पुन्हा गोल. त्यामुळे कुणाला तरी ॲक्सिलरेटर द्यायला बसवूनच हे बघावं लागतं.

आणि एक कारण असं, की ज्यात पाण्याचा संबंधच नाही. टायमिंग. ठिणगी उशिरा पडली तर पेट्रोल जळणं लांबतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही ज्वाळा चालूच असते, आणि ती सगळी उष्णता हेडमध्ये शिरते. जुन्या डिस्ट्रिब्युटरमधली वजनं गंजून अडकतात, व्हॅक्यूमचा पडदा फाटतो. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी आणि हवा जास्त गेली तरी इंजिन गरम चालतं. आणि आता पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटांवर मिश्रण आणखी पातळ होतं. नवा रेडिएटर टाकूनही गाडी तापतेच, अशी तक्रार ऐकली की मी आधी टायमिंग विचारतो.

थर्मोस्टॅटबद्दलचा एक गैरसमजही दूर करू या. ‘काढून टाका, पाणी मोकळं फिरेल’ असं मिस्त्री सांगतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतो. म्हणजे ज्यासाठी काढला त्याच्या उलटं होतं. त्यापेक्षा तो पातेल्यातल्या पाण्यात टाका, पाणी तापवा, आणि त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडतो का ते बघा.

रेडिएटरची कॅप मात्र स्वस्त, आणि सगळ्यात दुर्लक्षित. तिचं काम प्रेशर कुकरच्या शिटीचं : दाब धरून ठेवायचा, म्हणजे पाणी उशिरा उकळतं. एका बारच्या दाबाला साधं पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. कॅपची स्प्रिंग दमली की हा सगळा फायदा गेला. पण गरम इंजिनावर ही कॅप कधीही उघडू नका. वाफेनं हात-तोंड भाजतं. आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून बादली रिकामी करण्याची आपली जुनी सवय ॲल्युमिनियमच्या हेडला परवडत नाही. थांबायला जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण चालू करा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे. मे महिन्यात हे करायला निधडी छाती लागते, पण उपयोग होतो.

आता गॅस्केट. इंजिन थंड असताना सुरू केलं आणि मिनिटाभरातच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही. पाणी अजून तापलेलंच नाही. सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. याची चाचणीही आहे : रेडिएटरच्या तोंडातली हवा एका निळ्या द्रवातून खेचायची, द्रव पिवळा झाला तर गॅस्केट गेलं. तेलाच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली म्हणून मात्र लगेच हेड उघडू नका. रोज जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही ती जमते.

स्टॅगमध्ये हेड उघडणं हेही एक प्रकरणच. ते धरणारे काही स्टड तिरपे आहेत, काही बोल्ट सरळ. तिरपे स्टड गंजून हेडात असे रुतून बसतात की कित्येकदा हेड निघताना दिवस जातात.

आणि काट्याबद्दल शेवटचं. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो खरं बोलतो. पाणीच निघून गेलं, की सेन्सर रिकाम्या जागेत लोंबकळतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. चालवणाऱ्याला वाटतं, चला, निवळलं. म्हणून शहाणे स्टॅगमालक पंपापेक्षा उंचावर पाण्याची वेगळी टाकी बसवतात, आणि त्या टाकीत पातळी उतरली की पेटणारा एक दिवा डॅशबोर्डवर घेतात.