भरपाई ही भीक नव्हे, देणे आहे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



2016 ते 2018 या काळात राळेगाव-पांढरकवडा भागात टी-1 वाघिणीच्या नावावर 13 बळी सांगितले गेले. 2 नोव्हेंबर 2018 ला ती मारली गेली. वाघीण गेली, पण कापूस वेचताना मागे वळून पाहण्याची सवय गेली नाही. ज्वारीत डुक्कर शिरते म्हणून जागल चुकत नाही.

1972च्या वन्यजीव कायद्याने परवानगीवाचून या जनावरांना मारता येत नाही. स्वतःचा जीव वाचवताना जनावर मेले तर गुन्हा नाही, एवढी सूट 11व्या कलमात आहे. ज्या सरकारने आपले हात बांधले, त्याच्याकडेच नुकसानीचे देणे लागते. आपण मागतो ती भीक नव्हे.

पण देणे वसूल करायला कागद लागतो. म्हणून हल्ला झाला तर काय करायचे, ते पक्के ठरवू.

आधी जखम. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचे नाही. सरकारी दवाखाना गाठून रेबीजची लस मागायची; चावा खोल असेल तर जखमेत द्यायचे सीरमही मागायचे. दवाखान्याचा दाखला जपायचा, इजा किती गंभीर हे त्यावरच ठरते.

मग खबर. वनरक्षकाला किंवा 1926 या क्रमांकावर, त्याच दिवशी, फार तर 48 तासांत. माणूस दगावला असेल तर पंचनाम्याआधी प्रेत हलवू नका; शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. पंचनामा वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

2023 साली शासनाने मृत्यूला 25 लाख, कायम अपंगत्वाला साडेसात लाख आणि गंभीर इजेला 5 लाख रुपये ठरवले. मृत्यूच्या रकमेतले 10 लाख लगेच, बाकीचे मुदत ठेवीत.

आता कडू बोलतो. धनी गेल्यावर घरात पहिले भांडण पैशाचे होते आणि विधवा बाई बाजूला पडते. वारसाच्या कागदावर तिचे नाव आहे का, खाते तिचे आहे का, हे गावाने पाहायचे. तिच्याबरोबर कचेरीत दोन माणसे गेलीच पाहिजेत.

ती दोन माणसे कोण, हे प्रत्येक गावाने आज उठण्याआधी ठरवावे आणि नावे आमच्याकडे लिहून द्यावीत.