जुना टीव्ही विकताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. भाषणाची सवय नाही. "घरात घडलेले काही सांगा," असे चिटणीसबाई म्हणाल्या, म्हणून उभी राहिले. चूकभूल पदरात घ्यावी.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे ४३ इंची नवा टीव्ही आला. जुना ३२ इंची, पातळ पडद्याचा, २०१६ साली घेतलेला. नव्याच्या बदल्यात दुकानदार त्याचे दीड हजार धरत होता. हे म्हणाले, "देऊन टाकू." मी म्हटले, "चालता टीव्ही आहे, बाहेर विकला तर चार पैसे जास्त येतील." झाले! काम माझ्याच गळ्यात आले.

टीव्ही चालता होता, पण त्यात एक खोड होती. तासभर चालून तापला की पडद्यावर एक उभी हिरवी रेघ उमटे. थंड झाला की जाई.

पलीकडच्या गल्लीतली एक शिवणकाम करणारी बाई मुलीला घेऊन पाहायला आली. माझ्या मुलाने आधीच बजावले होते, "आई, दहाच मिनिटे लाव. रेघेचे बोलू नकोस." मी तसेच केले. चित्र स्वच्छ दिसले. पाच हजार ठरले. बाईने पिशवीतून दहा-वीसच्या नोटा मोजून पाचशे रुपये इसार दिला.

रात्री मला झोप येईना. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी एक जुना मिक्सर घेतला होता. विकणाराने दोन मिनिटे फिरवून दाखवला. घरी वाटण घातले, तर जळका वास सुटला. विचारायला गेले तेव्हा उत्तर मिळाले, "नेताना चालू होता ना?" तेच शब्द उद्या माझ्या तोंडून निघणार होते.

सकाळी उठून तिच्या घरी गेले. म्हटले, "ताई, पुन्हा या आणि दीड तास बसा." ती आली. चहा झाला, गप्पा झाल्या आणि रेघ उमटली. मी इसार तिच्यापुढे ठेवला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आम्ही तासाच्या वर कुठे बघतो? पण पाच हजार नाही देणार." साडेतीन हजारांत ठरले. मुलगा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. हे मात्र म्हणाले, "तरी दुकानदारापेक्षा दोन हजार जास्तच आले."

भगिनींनो, या व्यवहारात शिकलेल्या चार गोष्टी सांगते. खरेदीची पावती, रिमोट आणि स्टँडचे स्क्रू जपून ठेवा. त्याने किंमत येते. टीव्हीवर इंटरनेट असेल तर आपली खाती काढून मगच तो द्या. नेताना तो उभाच न्यावा, आडवा निजवू नये. पडद्यावर भार येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे : मोबाईलवर पैसे घेताना पिन घालावा लागत नाही. मला एका गृहस्थाचा फोन आला होता. टीव्ही न पाहताच पूर्ण किंमत द्यायला तयार! "मी पाठवलेले चित्र स्कॅन करा आणि पिन घाला, पैसे जमा होतील," म्हणाला. मी फोन ठेवून दिला. तसे केले असते तर माझेच पैसे गेले असते.

परवा ती बाई मंडईत भेटली. रेघ येतेच, पण वाढली नाही, म्हणाली. मुलगी खूश आहे. आम्ही दोघींनी मिळून मेथी घेतली आणि बोलत बोलत घरी आलो. रेघ लपवली असती तर तिला पाहून मला दुसऱ्या बोळाने जावे लागले असते. दीड हजार गेले, त्याचे मला आता काही वाटत नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेते.