लेकराला मांडीवर घ्या



आम्ही हरिपाठाला बसलो की नातू मांडीवर यायचा, टाळ ओढायचा. व्यत्यय नको म्हणून आम्हीच त्याच्या हाती मोबाईल दिला. जेवतानाही तोच. अडीच वर्षांचा झाला तरी ‘आई’ म्हणेना. डॉक्टर म्हणाले, ‘कान चांगले आहेत. याच्याशी बोलतं कोण?’ आमची मान खाली गेली. गावोगाव कीर्तनं केली, घरच्या लेकराशी बोललो नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ सालीच सांगितलंय : दोन वर्षांच्या आत पडदा नको, पुढं पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नको. लेकरू आपल्या तोंडाकडं बघून बोलायला शिकतं. मोबाईल बोलतो, पण लेकराचं ऐकत नाही.

आता नातू मांडीवरच असतो. ताल चुकतो, चुकू द्या; बोलायला लागलाय. मांडीवर ऐकत वाढलेल्या लेकरांनीच ही दिंडी शंभर वर्षं चालवली.

राम कृष्ण हरी!