पाठीची सळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या लेकीने कोंढव्यात घर बांधायला काढले, तेव्हा नकाशातला एक जिना तिने मला कौतुकाने दाखवला. पायऱ्या भिंतीतून सरळ बाहेर आलेल्या. खाली तुळई नाही, दुसऱ्या कडेला खांब नाही. मी विचारले, "बेटा, हा उभा कशावर राहणार?" ती म्हणाली, "अब्बू, भिंतीवर." पलीकडून माझ्या आईने विचारले, "आणि माणसाने धरायचे काय?" आईच्या प्रश्नाकडे तेव्हा कुणी लक्ष दिले नाही.

असले जिने आज नवलाचे वाटतात, पण आपल्याकडच्या जुन्या दगडी विहिरी आठवून पाहा. आत उतरण्यासाठी भिंतीतून लांब दगड बाहेर काढलेले असतात, एकाखाली एक. पोरे त्यांच्यावरून धडाधड उतरतात. दगडाचे शेपूट भिंतीत असते आणि वरच्या बांधकामाचे ओझे त्या शेपटाला दाबून धरते. इंजिनिअर ज्याला कॅन्टिलिव्हर म्हणतात तो हाच.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये घुमटाखालचा दगडी जिनाही असाच भिंतीतून निघालेला आहे. ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. त्यांच्या हाताखाली काम केले ते सीताराम खंडेराव वैद्य यांनी. पुढे १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलच्या आराखड्यातही वैद्य होते. स्टीव्हन्सचे नाव सगळे घेतात, वैद्यांचे फार थोडे. असो. अशा दगडी जिन्यांची एक गंमत आहे. पायरी भिंतीत फार खोल गेलेली नसते. ती आपल्या खालच्या पायरीच्या कडेवर टेकते, ती तिच्या खालचीवर, असे थेट जमिनीपर्यंत. भिंत फक्त कुणाला पिळवटून गळू देत नाही. अधांतरी दिसणाऱ्या त्या पायऱ्या खरे तर एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असतात.

लेकीच्या जिन्यात तसे नव्हते. दोन पायऱ्यांमध्ये मोकळी हवा, म्हणजे प्रत्येक पायरी एकटी. अशा सुट्या पायरीच्या मोकळ्या टोकावर १.३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १३० किलो भार धरून हिशेब करावा, असे आपले भारतीय मानक सांगते. एक भरभक्कम पाहुणा आणि त्याच्या हातातली बॅग, असे समजा.

आता माझे वडील मध्ये येतात. अब्बा सेंट्रिंगच्या कामावर फिटर होते, सळ्या बांधायचे. मी बीएला होतो तेव्हा सुट्टीत त्यांच्या हाताखाली तार पिळायला जायचो. ते सांगत, साधा स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो, तो मध्ये पोटाला ताणला जातो, म्हणून त्याची सळी पोटाला. पण गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते. तिच्यावर माणूस उभा राहिला की ताण पाठीला येतो. तिची सळी पाठीलाच हवी. काँक्रीट दाबले तर सोसते, ताणले तर तडकते. ताण सोसायचा तो सळीने. त्यांच्या उमेदीच्या काळात एका बांधकामावर कुणीतरी गॅलरीची सळी खाली बांधली. टेकू काढताच गॅलरी कोसळली. खाली एक मजूर होता. त्याच्याबद्दल अब्बा एवढेच सांगायचे की तो त्यांच्या बरोबरीचा होता.

लेकीच्या घरी पायऱ्या भरायच्या दिवशी मी सहज तिथे गेलो. सळ्या नकाशाप्रमाणे वरच बांधल्या होत्या. भिंतीतल्या तुळईत त्यांचे टोक चांगले अर्धा-पाऊण मीटर आत गेलेले होते. पकडीसाठी तेवढे लागतेच. पण घमेली घेऊन जाणारे मजूर त्याच सळ्यांवर पाय देत होते. पायरीची जाडी चार इंच. तेवढ्यात सळी इंचभर खाली दबली, तर ताकदीचा जवळपास तिसरा हिस्सा गेला, आणि काँक्रीट पडल्यावर ते कुणाला दिसणारही नाही. मी कवितेचा माणूस, भांडायची सवय नाही. त्या दिवशी भांडलो. मिस्त्री म्हणाला, "चाचा, माल सुकतोय." मी म्हटले, सुकू दे. लेकीने आरसीसी कन्सल्टंटना फोन केला. ते आले, वाकून बघितले आणि काम थांबवले. सळ्या उचलून त्यांच्याखाली लोखंडी चेअर बसवल्या आणि मजुरांसाठी फळ्या टाकल्या. अर्धा दिवस गेला आणि सिमेंटचा तो घोळ फेकावा लागला.

गच्चीकडे जाणारा जिना वेगळा आहे. कागदाला आडव्या-उभ्या घड्या घालाव्यात तसा. वरून जशा पायऱ्या दिसतात तशाच खालूनही. त्याचे दुखणे कोपऱ्यात असते. आतल्या कोपऱ्यातून सळी नुसती वळवून नेली, तर भार येताच ती सरळ व्हायला बघते आणि कोपऱ्याचे काँक्रीट फोडते. म्हणून तिथे सळ्या एकमेकींना ओलांडून पुढे न्यायच्या, किंवा घडीघडीला बंद रिंगा घालायच्या. ते बांधणाऱ्या फिटरची बोटे बघत मी तासभर बसलो होतो.

टेकू २८ दिवस ठेवले. ते काढले त्या दिवशी मी खालच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या टोकावर उभा राहून आलो. एकही हलली नाही. मग आई आली. आम्ही गंज पेठेत राहायचो तिथे जिना काळोखा आणि खडा होता, पण वरून एक जाड दोर सोडलेला असे. तो धरून ती दोन्ही वेळचे पाणी वर न्यायची. इथे तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मोकळ्या बाजूला हात लांब केला आणि तो हवेत गेला. ती तशीच खाली उतरली.

कठड्याच्या नळ्या यायला अजून आठवडा होता. संध्याकाळी लेक बोहरी आळीतून सुताचा दोर घेऊन आली आणि तिने तो वरच्या हुकाला बांधला.