विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. मोटारींच्या जगात ती पोर्शे ९११ या जर्मन गाडीला जितकी शोभते, तितकी क्वचितच दुसरीला शोभेल. तिचे इंजिन पुढे नाही, मध्यभागीही नाही. ते मागच्या चाकांच्याही मागे आहे. आणि विंचवाप्रमाणेच तिची नांगीही शेपटीतच होती.

१९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली, तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर आपला हक्क आहे, अशी हरकत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने घेतली आणि शून्याच्या जागी एक आला. गाडीचा आकार फर्डिनंड आलेक्झांडर पोर्शे यांनी रेखाटला होता. इंजिन दोन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे. शक्ती १३० अश्वशक्ती, आणि गाडीचे वजन हजार किलोंहून थोडेच अधिक.

मागच्या वजनाचा लाभ असा, की चाके रस्ता घट्ट पकडतात आणि गाडी झेप घेते. परंतु भर वळणावर चालकाने घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर भार एकदम पुढे सरकतो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि जड शेपटी बाहेर फेकली जाते. म्हणून जुन्या ९११च्या चालकाला एक शिस्त अंगी बाणवावी लागे: वेग आवरायचा तो वळणाआधी; वळणात शिरल्यावर कचरायचे नाही.

कारखान्याने हा दोष ओळखला होता. १९६८ साली मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेली. तोल साधण्यासाठी पुढच्या बाजूस एकाऐवजी दोन बॅटऱ्या बसविल्या. इंजिन मात्र हलले नाही. १९७७ साली पुढे इंजिन असलेली ९२८ ही गाडी आली. हीच ९११ची जागा घेणार, असा चालकांचा नव्हे, खुद्द कंपनीच्या धुरीणांचा होरा होता. १९८१ साली सूत्रे हाती घेतलेल्या पीटर शुट्झ यांनी तो निर्णय फिरविला. पुढे १९९५ साली ९२८चेच उत्पादन थांबले. ९११ चालूच राहिली.

खरा दुरावा आला तो १९९७ साली. त्या वर्षीच्या नव्या पिढीत हवेऐवजी पाण्याने थंड होणारे इंजिन आले. धूर आणि आवाज यांवरचे निर्बंध कडक होत होते, आणि अधिक शक्तीसाठी प्रत्येक सिलिंडरला चार झडपा द्यावयाच्या, तर केवळ हवेने उष्णता आवरणे कठीण होते. कारण रास्त होते. तरीही जुन्या इंजिनाचा तो कोरडा, खरखरीत नाद गेला, याची हळहळ रसिकांना आजही वाटते. २०११च्या पिढीत पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर आणखी १०० मिलिमीटर वाढले आणि स्टिअरिंगला विजेचे साहाय्य मिळाले. २०१९ साली विक्रीस आलेल्या पिढीतील साधी कॅरेरा तेव्हा ३८५ अश्वशक्तीची होती आणि तिचे वजन दीड हजार किलोंच्या घरात होते.

मग श्रेष्ठ कोणती? वेग, ब्रेक, सुरक्षितता, कोणत्याही मापाने नवी गाडी सरस आहे. चालक चुकला तर यंत्रणा क्षणार्धात एखाद्या चाकाला ब्रेक लावून गाडी सावरते. पुष्कळदा चूक झाल्याचे त्याला कळतही नाही. जुनी गाडी चूक तिथल्या तिथे दाखवी, प्रसंगी जबर किंमत घेऊन. ही किंमत केवळ चालकच मोजतो असे नाही. रस्त्यावरचा निरपराध पादचारीही मोजतो. म्हणून जुन्या धोक्याचे गोडवे गाणे शहाणपणाचे नव्हे.

परंतु इंजिन अजून मागेच आहे, आणि निसर्गाचे नियमही तेच आहेत. यंत्रणेची मर्यादा ओलांडली, की नवी गाडीही घसरेल, आणि तेव्हा तिचा वेग जुनीपेक्षा कितीतरी अधिक असेल. वळणाआधी वेग आवरावा, हा जुन्या गाडीने सक्तीने शिकविलेला धडा नव्या गाडीच्या मालकाने आपखुशीने शिकावयाचा आहे.